पायऱ्यांचा समुद्र

इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न लंडनबद्दल विचारतात. गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत मी तीन आठवडे तिकडे जाऊन आलो, तेव्हा स्टाफरूममध्ये हाच प्रश्न आला. लंडन मी विमानतळापुरते पाहिले, असे सांगितल्यावर सहकाऱ्यांचे चेहरे पडले. मग तीन आठवडे केलेत काय? आता काय सांगावे! त्यांतले तीन अख्खे दिवस मी एका जिन्यासमोर उभा राहून काढले, असे सांगितले असते, तर प्राचार्यांनी माझे तास कमी केले असते. बढतीच्या ऐवजी सहानुभूतीने.

तो जिना वेल्स या गावच्या कॅथीड्रलमध्ये आहे. ब्रिस्टल शहरापासून दक्षिणेला वीस मैलांवर, मेंडिप टेकड्यांच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. वस्ती बारा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे नगरपालिकेलाही जेमतेम पुरावी अशी. पण कॅथीड्रल आहे म्हणून त्याला ‘सिटी’चा मान. ब्रिस्टलहून डबलडेकर बस निघते आणि वळणे घेत घेत तासाभराने तुम्हाला बाजारचौकात सोडते. वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसावे. उतार लागला, की हिरव्यागार शेतांमध्ये एकदम ते करडे-पिवळे मनोरे दिसतात.

ब्रिस्टलला माझे थोरले बंधू राहतात. आमच्या वयांत नऊ वर्षांचे अंतर. 1998 साली दादा इंजिनीयर म्हणून तिकडे गेला, तो तिकडचाच झाला. त्याच्याकडे मी यापूर्वी कधी गेलो नव्हतो. आणि खरे सांगायचे, तर 2021 पासून आमचे बोलणे वाढदिवसाच्या चार शब्दांपुरते उरले होते. पुण्यातला आमचा वाडा त्या वर्षी बिल्डरला दिला. कागदपत्रांवर दादाच्याही सह्या होत्या, पैशांबद्दल कसलीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती माडीवरच्या खोलीची.

त्या खोलीत आमच्या वडिलांची, तात्यांची, डार्करूम होती. तात्या पोस्टात नोकरीला. पण रविवार आला, की गळ्यात आग्फाचा घडीचा आयसोलेट कॅमेरा आणि हातात लाकडी तिवई. दादा त्यांच्याबरोबर लाल दिव्यात वाढला. मला मात्र त्या औषधांच्या वासाने शिंका येत, म्हणून मी बाहेर गॅलरीत पुस्तक घेऊन बसे आणि पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. वाडा रिकामा करायला बिल्डरने आठ दिवस दिले होते. तेव्हा दादा तिकडे अडकलेला, विमाने धड सुरू नव्हती. मी भंगारवाल्याला बोलावले आणि माडीवरची खोली त्याला दाखवली. एन्लार्जर गेला, बशा गेल्या, आणि कपाटातले पत्र्याचे डबेही गेले. त्या डब्यांत निगेटिव्ह होत्या. चाळीस वर्षांच्या.

दादाला हे फोनवर सांगितले, तेव्हा तो रागावला नाही. “बरं,” एवढेच म्हणाला. ते ‘बरं’ चार वर्षे पुरले.

तर वहिनीने आग्रह करकरून मला बोलावून घेतले. पहिले दोन दिवस हवापाण्याच्या गप्पा झाल्या; त्या देशात हा विषय संपता संपत नाही, ही एक सोयच आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, “मी वेल्सला फोटो काढायला जातोय. येतोस?” पाहतो तो दाराशी तात्यांची तिवई उभी!

आता थोडे त्या फोटोबद्दल सांगायला हवे. तात्यांनी कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकातून कापलेले एक चित्र डार्करूमच्या दाराला आतून चिकटवले होते. दगडी पायऱ्या, पण झिजलेल्या, वर चढत जाणाऱ्या आणि उजवीकडे वळताना लाटेसारख्या फुगलेल्या. लहानपणी मला तो खरोखरच समुद्र वाटे. फोटो घेणारे फ्रेडरिक एव्हान्स हे गृहस्थ लंडनमधले पुस्तकविक्रेते. 1898 साली त्यांनी दुकान सोडले आणि उरलेली उमेद इंग्लंड-फ्रान्समधल्या कॅथीड्रलांच्या अंतरंगावर खर्च केली. जिन्याचा हा फोटो त्यांनी 1903 साली वेल्सला घेतला, आणि नावच दिले ‘ए सी ऑफ स्टेप्स’, पायऱ्यांचा समुद्र. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘कॅमेरा वर्क’ या प्रतिष्ठित त्रैमासिकाने एव्हान्स यांची छायाचित्रे छापली आणि त्यांच्यावर लेख लिहिला तो दस्तुरखुद्द बर्नार्ड शॉ यांनी. एव्हान्स आपली चित्रे प्लॅटिनमच्या कागदावर छापत. चांदीच्या कागदाला न साधणाऱ्या करड्या रंगाच्या कितीतरी हलक्या छटा त्यात उतरतात. निगेटिव्हवर मागाहून रंगरंगोटी करणे त्यांना मान्य नव्हते. जे काय व्हायचे ते देवळात उभे असतानाच व्हावे, हा बाणा. पुढे पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम सोन्याहून महाग झाले, तेव्हा हा मनुष्य दुसरा कागद हाती घेण्याऐवजी फोटोग्राफीच सोडून मोकळा झाला. पुण्यात शोभला असता.

कॅथीड्रलच्या आत पाऊल टाकले, की पहिली गोष्ट कळते ती ही, की आपल्याला दिसते ते कॅमेऱ्याला दिसत नाही. डोळा लबाड असतो. खिडकीकडे पाहताना बाहुली आकसून घेतो, कोपऱ्याकडे वळताना विस्फारतो, आणि आपल्याला सांगतो, की सगळे छान उजळलेले आहे. कॅमेरा बिचारा एकदाच पाहतो. खिडकी नीट आली, तर खांब काळेठिक्कर. खांब आले, तर खिडकीच्या जागी पांढरा डाग. शिवाय छत उंच दिसावे म्हणून कॅमेरा जरा वर उचलावा, तर दोन्ही बाजूंचे खांब दारू प्यायल्यासारखे एकमेकांच्या अंगावर झुकतात. मी माझ्या मोबाईलवर हौसेने पंधरावीस फोटो घेतले. त्यांत कॅथीड्रल कोसळण्याच्या बेतात असलेले दिसते.

तसे ते एकदा कोसळण्याच्या बेतात आलेही होते. 1175 च्या सुमारास बांधायला घेतलेली ही वास्तू. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मधल्या मनोऱ्याची उंची वाढवली आणि त्यावर शिशाने मढवलेला निमुळता कळस चढवला. पाया ते ओझे पेलेना. मनोरा कलला, भेगा पडल्या. तेव्हा विल्यम जॉय नावाच्या मुख्य गवंड्याने 1338 ते 1348 या दहा वर्षांत मनोऱ्याखाली तीन बाजूंना टेकू दिले. पण टेकू कसले! एका कमानीवर दुसरी कमान उलटी ठेवलेली, टोकाला टोक. मोठ्या कात्रीसारखा आकार, आणि दोन अंगांना दोन गोल भोके. मुख्य दालनातून समोर पाहिले, की एखादे प्रचंड घुबड डोळे वटारून बसल्यासारखे वाटते. काही जाणकारांना हे टेकू बटबटीत वाटतात. मला नाही वाटले. घर पडू नये म्हणून घाईने दिलेला टेकू असा देखणा निघाला, तर त्याला नावे का ठेवावीत? आणि सात शतके झाली, मनोरा आहे तिथे उभा आहे.

तिवई लावायला आधी विचारावे लागते. निळा पट्टा घातलेल्या एक आजीबाई तिथे सेवेला होत्या. त्यांनी तात्यांच्या लाकडी तिवईवरून प्रेमाने हात फिरवला आणि दोन अटी घातल्या. कुणी अडखळून पडता कामा नये आणि प्रार्थना सुरू झाली, की थांबायचे. दोन्ही अटी रास्त होत्या. मग दादाने पिशवीतून कॅमेरा काढला. तो तात्यांचा आयसोलेट होता! 1998 साली तात्यांनीच तो त्याच्या बॅगेत घातला होता, हे मला तेव्हा कळले. या कॅमेऱ्याची फिल्म अजून मिळते, एका रिळावर बारा चौकोनी फोटो. मोबाईलवाल्या माणसाला बारा हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण दादाने त्या दिवशी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत एकही घेतला नाही.

नुसता पाहत होता. जिना कॅथीड्रलच्या उत्तरेकडच्या अंगाला आहे. थोडे चढून गेले, की त्याचा एक फाटा उजवीकडे वळून चॅप्टर हाऊसच्या दारात जातो आणि दुसरा सरळ वर, पुलाकडे. हा पूल पंधराव्या शतकात नंतर जोडला. पलीकडच्या आळीत राहणाऱ्या गायकांना रस्ता न ओलांडता देवळात येता यावे, म्हणून. चॅप्टर हाऊस म्हणजे धर्मगुरूंच्या पंचायतीची खोली. अष्टकोनी आहे, 1306 साली पूर्ण झाली. मधोमध एकच खांब, आणि त्याच्या माथ्यावरून बत्तीस शिरा माडाच्या झावळ्यांसारख्या छतावर पसरलेल्या. या सभेला जाणाऱ्या-येणाऱ्या पावलांनी सातशे वर्षांत पायऱ्या मधे झिजवल्या. आमच्या पर्वतीच्या पायऱ्यांनाही असाच खळगा पडला आहे, पण त्या उन्हात आहेत. या सावलीत आहेत. बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड प्रत्येक खळग्यात तिरपा उतरतो आणि पायरीच्या काठावर एक रेघ उमटते. ढग आला, की रेघ पुसली जाते. मग पुन्हा वाट पाहायची.

वाट पाहण्याला वेल्समध्ये करमणूक मात्र आहे. जिन्याच्या जवळच 1390 च्या सुमाराचे एक घड्याळ आहे. तबकडीवर पूर्ण चोवीस तास. दर पाव तासाला वरच्या बाजूने घोडेस्वार फेर धरतात आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्याच्या भाल्याचा फटका बसतो. तो पाठीवर आडवा पडतो. दर वेळी तोच. सहाशे वर्षांहून अधिक काळ तो पाव-पाव तासाने मरतो आहे, तरी त्याने हिय्या सोडलेला नाही. त्या मानाने आमच्या विद्यार्थ्यांना दोनदा नापास झाले तरी केवढे वाईट वाटते! घड्याळाचे मूळ यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवले आहे. इथल्या यंत्राला 2010 पर्यंत माणूस हाताने किल्ली देत असे.

दादाने या घड्याळाचा उपयोग वेगळाच केला. पाव तास भरत आला, की सगळे प्रवासी घड्याळाखाली माना वर करून उभे राहतात आणि तेवढा वेळ जिना रिकामा असतो. स्वार पडला, लोक हसले, की सगळे जिन्याकडे वळतात. म्हणजे फोटोला दर पाव तासाला जेमतेम दोन मिनिटे. सूर्य, ढग, प्रवासी आणि तो दुर्दैवी स्वार, इतक्यांचे जमायला हवे.

पहिल्या दिवशी एकच फोटो झाला. दुसऱ्या दिवशी दोन. मधल्या वेळात मी भटकत असे. दक्षिणेकडच्या भागात खांबांच्या माथ्यावर कोरलेली चित्रे आहेत, ती कुणीही चुकवू नयेत. एक मनुष्य दातदुखीने तोंडात बोट घालून कण्हतो आहे, दुसरा पायातला काटा काढतो आहे. एका खांबावर तर चार दृश्यांत गोष्टच सांगितली आहे. दोन चोर मळ्यातली फळे पळवतात, मालक येतो, एकाला कान धरून पकडतो, दुसऱ्याच्या डोक्यात फटका हाणतो. हे सगळे देवाच्या घरात! कारागिराला धर्मगुरूंनी संतांच्या कथा कोरायला सांगितल्या असणार, आणि हा माणूस वरच्या अंधारात आपल्या गावची खबर कोरून मोकळा झाला. याच फळचोरांचा फोटो मला त्यातल्या त्यात बरा साधला. उजेड समोरून असेल तर कोरीवकाम सपाट दिसते, बाजूने आला की उठून दिसते, हे दादाने मला तिथे सांगितले. तीन दिवसांतले त्याचे ते सर्वांत लांब वाक्य होते.

शेजारी विल्टशरचा परगणा लागतो, हे बसमधल्या नकाशावर पाहून मला उगीच आपले माणूस भेटल्यासारखे झाले. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स मूळचे तिथले. मी दर वर्षी एम. ए. च्या वर्गाला ते शिकवतो. हा इंग्रज 1579 साली गोव्याला उतरला, आपल्या मराठीवर लुब्ध झाला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण लिहून 1616 साली राशोलला रोमन लिपीत छापून घेतले. ते गोव्यात असताना जुन्या गोव्याचे से कॅथीड्रल उभे राहत होते. ते काम 1562 साली सुरू झाले आणि 1619 साली, फादर स्टीफन्स वारले त्याच वर्षी, पुरे झाले. इंग्लंडच्या करड्या दगडातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना गोव्यातले ते कॅथीड्रल कसे दिसले असेल, हा विचार मी जिन्यापाशी बसून कितीतरी वेळ करत होतो. दादाला सांगितला. तो “हं” म्हणाला.

तिसरा दिवस. ढग पातळ होते, म्हणजे उजेड मऊ आणि एकसारखा. दादाने तात्यांचा वेस्टन मीटर काढला; अंधारात काटा हलेना, तेव्हा खिडकीखाली धरून आकडा घेतला आणि मनाशी हिशेब केला. मीटर सांगतो वीस सेकंद. पण इतक्या मंद उजेडात फिल्म आळशी होते. वीसच्या जागी तिला पन्नास द्यावे लागतात. शटर उघडे ठेवून पन्नास सेकंद मोजायचे. दादाच्या मनगटावर घड्याळ होते, माझ्या खिशात मोबाईल होता. दादाने कळ दाबली आणि हलक्या आवाजात म्हणाला, “एक विठ्ठल, दोन विठ्ठल...”

तात्या असेच मोजत. ‘विठ्ठल’ म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो, असा त्यांचा शोध होता. गॅलरीत बसून दाराआडून मी हे इतक्यांदा ऐकले होते, की माझ्याही ओठांवर आपोआप आले. “बारा विठ्ठल, तेरा विठ्ठल.” दादाने माझ्याकडे पाहिले नाही. पलीकडे घड्याळाच्या घंटा वाजल्या, लोक हसले. आणि वीसच्या सुमारास वरच्या दारातून एक वृद्ध बाई बाहेर आल्या. गडद कोट, हातात काठी. एकेक पायरी उतरू लागल्या. मी हात वर करणार, तेवढ्यात दादाने मान हलवून नाही म्हटले. चालता माणूस इतक्या वेळात फिल्मवर उमटत नाही, विरून जातो. पण बाई मध्येच थांबल्या. भिंतीला हात टेकून दम घेऊ लागल्या. एकतीस विठ्ठल, बत्तीस विठ्ठल. चांगले दहा-बारा विठ्ठल त्या तिथे उभ्या होत्या. पन्नासला दादाने बटण सोडले.

बाई खाली आल्या आणि दिलगिरी सांगू लागल्या. दादा म्हणाला, छे छे, जिना तुमचाच आहे.

त्या गेल्यावर आम्ही दोघे तळाच्या पायरीवर बसलो. दादा फिल्म पुढे सरकवत होता. तशातच, मान वर न करता, त्याने विचारले, “डबे उघडून पाहिले होतेस?”

“नाही.”

“पर्वतीचे फोटो त्यातच होते. आईचे.”

मला ठाऊक नव्हते. म्हणजे, ठाऊक करून घेतले नव्हते. आठ दिवस होते, डब्यांची झाकणे गंजलेली होती, आणि मला शिंका येत होत्या. हे सगळे मी चार वर्षे मनाशी कारण म्हणून घोकले होते. तिथे त्यातले एकही तोंडातून निघेना.

“वजनावर घेतले त्याने?”

“हो.”

“किती भरलं?”

“साडेसहा किलो,” मी म्हणालो. आकडा मला पाठ होता.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “माझी चूक झाली, बाळ. कॅमेरा नेला, तेव्हा डबेही न्यायला हवे होते. तात्या म्हणाले होते, ने म्हणून. मीच म्हटलं, वजन होतं.”

पाव तास भरत आला होता. तो उठला, तिवईचा एक पाय जरासा आत घेतला आणि म्हणाला, “ढग बघ. मोजशील का तू? माझा आकडा चुकतो मधेच.” पुढचे दोन्ही फोटो मी मोजले.

रविवारी दादाने न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून फिल्म धुतली. वहिनी म्हणाली, घरभर वास सुटेल. सुटला. मला शिंकाही आल्या. ओली फिल्म दोरीवर चिमट्याने टांगून आम्ही उजेडापाशी धरली. एव्हान्स यांच्या चित्रापुढे ती उभी करू नये, हे खरे. लाटा आहेत, पण त्यांची लाट जशी वर उचलून उजवीकडे फुटते, तशी दादाची फुटत नाही. शेवटचे दोन फोटो नेटके आहेत, पायऱ्या अगदी स्वच्छ. दादाला मात्र आवडला तो बाईंचा. बाई त्यात आहेत आणि नाहीत. चेहरा नाही, पाय नाहीत. जिन्याच्या मध्यावर एक पुसट सावली, आणि भिंतीवर टेकलेला हात तेवढा स्पष्ट, कारण तो हलला नव्हता.

त्याचीच एक मोठी प्रत त्याने मला निघताना दिली. जाड पुठ्ठ्यात घालून, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून. मी विचारले, “आणि निगेटिव्ह?”

“निगेटिव्ह माझ्याकडे राहू दे,” दादा म्हणाला.